सवय लागते, दहीही लागतं

मराठीत दही लागतं. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालायचं, भांडं झाकून ठेवायचं आणि सकाळी झाकण उचलून बघायचं, लागलं का. इंदूरच्या मराठी घरांतून आताशा 'दही जमलं' असंही ऐकू येतं. ते बाहेरच्या हिंदीतून आत आलंय. हिंदीत दही जमतं आणि आदत पडते. आपल्याकडे दही लागतं आणि सवयही लागते. दोन्हींना एकच क्रियापद, आणि दोन्हींत माणसाचा हात काय तो आदल्या रात्रीपुरता.

लिहिण्याची सवयही अशीच लागते, पण तिच्या शिस्तीबद्दल जो तो सकाळचं सांगतो. पहाटे उठा, ठरल्या वेळी बसा, पानभर लिहा. बसायला हवंच. पण आज बसणं होणार की टळणार हे काल आपण टेबलावरून कसे उठलो त्यावर ठरतं, आणि त्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. बहुतेक जण उठतात ते परिच्छेद पुरा करून, शेवटच्या ओळीला पूर्णविराम देऊन, आज बरं झालं अशा समाधानात. म्हणजे दही सगळं चाटूनपुसून खाऊन भांडं घासून पालथं घातल्यासारखं. दुसऱ्या दिवशी विरजणाला थेंब नाही. समोर कोरं पान, वर तारीख, आणि मग आठवतं की गॅसचा नंबर लावायचा राहिलाय.

उठावं कसं, ते एका ओळीवर दाखवता येईल. समजा, लेख इंदूरच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर चाललाय. होळकरांच्या स्मारकांच्या त्या छत्र्या, खाली कान्ह नदी, संध्याकाळची वर्दळ. अर्धा तास भरत आलाय आणि वहीत ओळ आलीय: 'पायऱ्यांवर येऊन बसणाऱ्यांतले निम्मे लोक नदीकडे पाठ करून बसतात, कारण'. इथेच पेन खाली ठेवायचं. 'कारण'वर. कारण काय ते डोक्यात तयार आहे, हात शिवशिवतोय, पुढची ओळ दोन मिनिटांत होऊन जाईल. नेमकं म्हणूनच थांबायचं. समासात बारीक तीन शब्द टिपायचे: वास, रस्ता, फोटो. वही मिटायची नाही, त्याच पानावर उघडी ठेवायची, पेन आडवं.

दुसऱ्या दिवशी वरच्या चार ओळी वाचत आलं की 'कारण'शी पाय अडखळतो आणि हात आपोआप पुढे सरकतो. दिवसातलं पहिलं वाक्य सुचवून घ्यावं लागत नाही, नुसतं पुरं करावं लागतं. बसल्यावरची जी पहिली आठ-दहा मिनिटं खिडकीबाहेर बघण्यात जातात, ती वाचतात. अर्ध्या तासातली दहा मिनिटं हा काही किरकोळ हिशेब नाही.

यात मराठीची आपल्याला मोठी मदत आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. 'म्युनिसिपालिटीने त्या पायऱ्या मागच्या वर्षी पुन्हा' इथे थांबलेलं वाक्य वाचणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. बांधल्या, धुतल्या की तोडल्या? कर्ता, कर्म सगळं मांडून झालं आणि फक्त क्रियापद बाकी, अशी जागा उठायला सगळ्यांत चांगली. याउलट पानाच्या तळाशी 'उद्या: नदीच्या वासाबद्दल लिहिणे' अशी नोंद करून उठलं, तर ती दिसते व्यवस्थित, पण काम करत नाही. तो कालच्या साहेबाने आजच्या कारकुनाला सोडलेला हुकूम असतो, आणि आजचा कारकून त्यावर सही करून फाइल खाली सरकवतो.

विरजणाचंही प्रमाण असतं. अर्धा लिटर दुधाला एक लहान चमचा पुरे होतो. वाटीभर घातलं तर दही आंबट होतं आणि पाणी सुटतं. लिहिण्यात हे कसं होतं? दहाच मिनिटं लिहून, पुढचे पाच मुद्दे मनात घोळवत उठलात, तर ते पाचही मुद्दे दिवसभर डोक्यात शिजत राहतात. संध्याकाळी चहावर कुणाला तरी सांगून होतात. एकदा तोंडाने सांगून झालेली गोष्ट कागदावर उतरताना शिळी लागते. म्हणून बाकी ठेवायचं ते एक वाक्य आणि दोन-तीन शब्द, जास्त नाही. आणि ते वाक्य कुणाला ऐकवायचं नाही, घरातही नाही.

दूध कढत असेल तर विरजण मरतं, तीही अडचण इथे आहेच. एखादा प्रसंग रंगात आलाय, आजोबांचं शेवटचं आजारपण किंवा भावाभावांतलं भांडण, आणि लिहिताना आपलाच घसा दाटून आलाय, अशा वेळी अर्धं वाक्य सोडून उठू नये. दुसऱ्या दिवशी तो सूर सापडत नाही आणि उरलेला भाग वर्तमानपत्री होतो. असा तुकडा त्याच बैठकीत संपवावा, वेळ वाढली तरी, आणि मग पुढच्या साध्या तुकड्याची एखादी ओळ मुद्दाम सुरू करून तिच्या मध्यात थांबावं. शुक्रवारचं थांबणंही वेगळं. शनिवार-रविवार मध्ये येणार म्हणून समासातले शब्द तीनाऐवजी सात-आठ लिहावेत. नाहीतर सोमवारी 'कारण'पुढे काय होतं ते देवालाच ठाऊक.

आता वेळेचं. घड्याळाचा आकडा ठरवण्यापेक्षा घरात आधीपासून पक्की असलेली एखादी घटना धरावी आणि तिच्या शेपटाला लिहिणं बांधावं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये हे नीट मांडलं: नुसतं 'मी अमुक करीन' यापेक्षा 'तमुक झालं की अमुक करीन' असा बेत जास्त वेळा तडीस जातो, कारण त्या क्षणी वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही.

इंदूरमध्ये अशा घटना शोधायला लांब जावं लागत नाही, पण एक खोच आहे. नर्मदेचं पाणी इथे १९७८ पासून येतं, नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर लांबून वर चढवलेलं, आणि बहुतेक वस्त्यांत ते एक दिवसाआड सुटतं. 'सकाळी साडेसहा ते सात' असा नेम धरणारा माणूस पहिल्या दिवशी लिहितो, दुसऱ्या दिवशी मोटर लावतो, टाकी भरतेय का बघायला गच्चीवर जातो, पिंप भरतो, आणि आठवड्याअखेर म्हणतो, आपल्यात चिकाटीच नाही. चिकाटीचा काही संबंध नाही. त्याचं वेळापत्रक एका दिवसाचं आहे आणि गावाचं दोन दिवसांचं. म्हणून नळाचा दिवस आणि बिननळाचा दिवस असे दोन वेगळे नेम सरळ लिहून ठेवावेत. नळाच्या दिवशी लिहिणं दुपारच्या जेवणाआधी किंवा रात्री, आणि तेही पंधराच मिनिटं.

याहून भरवशाची आहे ती कचरागाडी. रोज साधारण त्याच वेळेला गाणं वाजवत येते, सगळी गल्ली डबे घेऊन दारात, ओला वेगळा, सुका वेगळा, आणि पाच मिनिटांत सामसूम. गाडी गेली, दार लावलं, हात धुतले, की खुर्ची. या चार पायऱ्यांत मन कुठे विचारायला येत नाही की आज लिहू या का. शिवाय घरच्यांनाही सांगायला सोपं जातं. 'मला साडेसात ते आठ हाक मारू नका' हे कुणाच्या लक्षात राहत नाही. 'गाडी गेल्यापासून कुकरची दुसरी शिट्टी होईपर्यंत बाबांना काही विचारायचं नाही' हे सात वर्षांच्या मुलालाही कळतं.

फोन दुसऱ्या खोलीत. सकाळच्या फुलांच्या चित्रांना आणि सुप्रभातांना आठनंतर उत्तर दिलं तरी नाती तुटत नाहीत. वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ आहे.

पहाटेचाच आग्रह मात्र धरू नये. जे सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बारा वाजता तळलेला गराडू खातात त्यांनी पाचचा गजर लावणं ही स्वतःचीच थट्टा आहे. त्यांनी रात्रीची भांडी आवरल्यानंतरची वेळ घ्यावी. एकच पथ्य: रात्री लिहिणाऱ्याचं अर्धं वाक्य चोवीस तास टिकायला हवं, सकाळी लिहिणाऱ्याचंही तेवढंच, पण रात्री माणूस थकलेला असतो आणि वाक्य पुरं करून टाकण्याचा मोह जास्त होतो. आणि हिवाळ्यात वेळ हलवावी लागते हे आधीच धरून चालावं. जूनच्या सुरुवातीला इथे पावणेसहाच्या आत सूर्य उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. उन्हाळ्यात धरलेली सहाची वेळ दिवाळीनंतर गोधडीत हरवते. ती हरवण्याआधी, नोव्हेंबरातच, पाऊण तास पुढे ढकललेली बरी.

'एकवीस दिवस केलं की सवय लागते' हे वाक्य तुम्हालाही कुणी ऐकवलं असेल. त्याचं मूळ बघितलं तर गंमत वाटेल. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी एकवीसेक दिवस लागतात. 'कमीत कमी' वाटेत गळलं, चेहराही गळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे पाहणी केली. ती २००९ साली प्रसिद्ध झाली. खाणं, पिणं, व्यायाम अशा साध्या सवयी होत्या. त्या अंगवळणी पडायला मधला आकडा आला ६६ दिवस, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ पर्यंत. लिहिणं हे सकाळी ग्लासभर पाणी पिण्याहून अवघड, तेव्हा तीन-चार महिने सहज धरावेत. त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची आहे: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

किती लिहायचं? अर्धा तास, दोनशे शब्द. रचून लिहिताना साधारण माणसाचे अर्ध्या तासात दीडशे ते अडीचशे शब्द होतात. इंग्रजीतला रोज पाचशे-हजार शब्दांचा नेम उचलून मराठीला लावू नये. आपले शब्द प्रत्यय लागून लांबतात. 'घरासमोरच्या' हा आपला एक शब्द, हिंदीत 'घर के सामने वाले' असे चार होतात. दोनशे शब्द, आठवड्याचे पाच दिवस, वर्षातले ४८ आठवडे: ४८,००० शब्द. चार आठवडे लग्नं, दिवाळी आणि आजारपणाला सोडलेत. ४८,००० शब्दांत एक बऱ्यापैकी पुस्तक बसतं. नोकरी सांभाळून एवढं होतं का, असं वाटलं तर बडोद्याकडे बघावं. 'रियासत' नावाचे इतिहासाचे खंड लिहिणारे रियासतकार सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या चाकरीत लागले आणि १९२५ मध्ये निवृत्त झाले. रियासतींचं लेखन त्या चाकरीतच सुरू झालं आणि वाढलं. राजपुत्रांना शिकवण्यासाठी टिपणं काढावी लागत, त्या टिपणांतून ते उगवलं. रोजच्या कामाचाच कागद लिहिण्याचा कागद झाला.

वहीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे लोक एकतर फार खर्च करतात किंवा मुलांच्या जुन्या कॉपीच्या उरलेल्या पानांवर भागवतात. दोन्हींत फसगत आहे. चामडी बांधणीच्या वहीत वाईट वाक्य लिहायला हात धजत नाही, आणि सुट्या पानांवर अर्धं वाक्य टिकत नाही. खजुरी बाजारात मिळतं ते साधं, पुठ्ठ्याच्या बांधणीचं, दोनशे पानी लांब रजिस्टर घ्यावं. त्याच्या पानावर २८-३० ओळी बसतात, ओळीला सात-आठ शब्द, म्हणजे एक पान दोनशेला थोडं वरच. लिहायचं फक्त उजव्या पानावर. डावं पान कोरं. शंभर उजवी पानं, शंभर बैठकी, आठवड्याला पाच धरल्या तर वीस आठवडे. एक रजिस्टर संपलं की साधारण सवयही लागलेली असते, आणि ते हातात धरून बघता येतं.

पानाच्या डोक्यावर तारीख, बसल्याची वेळ; तळाशी उठल्याची वेळ. शब्द मोजत बसू नये, पान भरलं का एवढंच बघावं. पेन असं हवं की दाबावं लागू नये, कारण पंधराव्या मिनिटाला अंगठा दुखायला लागला की वाक्यं आखूड होतात. अक्षर मध्यम ठेवावं. समर्थांचं 'दिसामाजी काहीतरी' सगळ्यांना पाठ असतं, पण दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास, लेखनक्रियेचा, फार थोडे उघडतात. तिथे अक्षर गोल, सरळ, मोकळं असावं, पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, इथपासून बोरू कसे निवडावेत इथपर्यंत तपशील आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, असंही आहे. चाळिशीनंतर आपलीच जुनी वही चष्मा वर-खाली करत वाचणाऱ्याला त्यातलं मर्म कळेल.

इंदूरला, आणि ग्वाल्हेर-बडोद्यालाही, मराठी लिहिणाऱ्याची एक अडचण पुण्यातल्या माणसाला नसते. दिवस हिंदीत जातो. ऑफिस, भाजी, बँक, मुलांची शाळा, सगळं हिंदी. खुर्चीवर बसल्यावर पहिली दोन-तीन वाक्यं हिंदी साच्यातूनच पडतात. शब्द मराठी आणि चाल हिंदी. त्यातून सारखे दिसणारे शब्द दगा देतात: तिकडे शिक्षा म्हणजे शिक्षण, चेष्टा म्हणजे प्रयत्न, संसार म्हणजे जग आणि यातायात म्हणजे रहदारी. आवाज तिकडे 'ती', आपल्याकडे 'तो'. मजा तिकडे 'तो', आपल्याकडे 'ती'. अभ्यास तर फारच नामी. हिंदीत अभ्यास म्हणजे सराव, आपल्याकडे पुस्तक घेऊन बसणं. आणि लिहिण्याला दोन्ही अर्थ लागू.

यावर उपाय पाच मिनिटांचा आहे. लिहायच्या आधी चांगल्या मराठीचं एक पान मोठ्याने वाचायचं. मनात वाचलं तर चालत नाही. जीभ वळावी लागते. रोज तेच पुस्तक असलं तरी हरकत नाही, एक संपेपर्यंत तेच ठेवलेलं बरं. त्यानंतर कालच्या चार ओळी, त्याही मोठ्याने, आणि मग ते अर्धं वाक्य.

लिहिताना मराठी शब्द आठवला नाही तर थांबायचं नाही. हिंदी शब्द जसा आला तसा लिहायचा, खाली रेघ मारायची, पुढे जायचं. शब्द शोधायला कोश उघडला की बैठक संपली असं समजावं. ते रेघ मारलेले शब्द नंतर डाव्या पानावर सुटतात. पुष्कळदा अंघोळ करताना सुटतात.

इथे एक परखड बोलायला हवं. इंदूरच्या मराठी लिहिणाऱ्यांची सवय आळसाने जितकी मोडत नसेल तितकी पुण्याच्या धास्तीने मोडते. तिकडचा संपादक हसेल, 'लिहून राहिलोय' बघून भुवया उंचावेल, या भीतीने पहिल्या खर्ड्यातच एकेक वाक्य तीनदा घासलं जातं. अर्ध्या तासात चाळीस शब्द होतात, तेही बिचकलेले. पहिला खर्डा कुणी बघणार नाही. त्यात 'येऊन राहिला' असू दे. संवादात तर ते ठेवावंच. माळव्यात तीनशे वर्षं राहिलेल्या माणसांची मराठी सदाशिव पेठेसारखी कशी असेल? निवेदनात बदलायचं असलं तर ते शनिवारचं काम.

शनिवार दुरुस्तीचा. वेगळी वेळ, जमलं तर वेगळी जागा, आणि वेगळ्या रंगाचं पेन. आठवड्याची पाच उजवी पानं वाचायची आणि बदल डाव्या पानांवर लिहायचे, ओळीसमोर ओळ. शुद्धलेखनही इथेच. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे आपल्याकडे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात, म्हणून स्थिती, समिती, शांती. हिंदी शाळेत शिकलेला हात स्थिति, समिति, शांति लिहितो. 'आणि' मात्र ऱ्हस्वच. हे तीन-चार ठिकाणच बघितलं तरी निम्म्या चुका जातात.

टाइप करणं हा दुसरा खर्डा समजावा, नक्कल नव्हे. फोनवर असो की संगणकावर, कळफलकाची भाषा मराठी निवडावी. हिंदी ठेवली तर शब्द सुचवणारं यंत्र 'नाही'चं 'नहीं' करतं, 'आहे'वर अडतं आणि सगळी लय जाते. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळांची ठरलेली मांडणी, शिकायला आठ-दहा दिवस लागतात, पण ते घ्यावंच. त्यात 'ल'च्या कळीवर शिफ्ट धरून 'ळ' येतो आणि 'र'च्या कळीवर 'ऱ'. हा दुसरा नसला तर पायऱ्यांच्या 'पायर्या' होतात आणि दऱ्यांचा दर्या.

हजेरी मांडायची की नाही, यावर दोन मतं आहेत. रोज केलं म्हणून खूण करणाऱ्यांना खुणांची साखळी तुटली की सगळंच सोडून द्यावंसं वाटतं, हे पुष्कळदा दिसतं. आपल्या घरांत त्याहून शहाणी पद्धत आधीच आहे. कालनिर्णयवर दुधाचा हिशेब असतो आणि तिथे रोजचं दूध कुणी लिहीत नाही, खाडा लिहितात. लिहिण्याचाही फक्त खाडा मांडावा, आणि पुढे दोन शब्दांत कारण: पाहुणे, नळ, ताप, कंटाळा. महिनाअखेरीला दूधवाल्याचा हिशेब करताना हाही करायचा. आठ खाड्यांपैकी पाच 'नळ' असतील तर वेळ चुकलीय. चार 'पाहुणे' आणि तेही सगळे रविवारचे, तर रविवार धरलाच कशाला? नुसता 'कंटाळा' लागोपाठ आला तर विषयच संपलाय किंवा चुकीच्या टोकाने धरलाय. अशा वेळी दोन बैठकी मागे जाऊन, जिथवर लिहिताना बरं वाटत होतं तिथून दुसरी वाट काढावी. कारण लिहिलेलं नसेल तर सगळे खाडे आळशीपणाच्या खात्यावर पडतात, आणि ते खातं कधीच फिटत नाही.

बाहेरची मुदत असली तर बरंच. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाला वर्षाची एक तारीख मिळालीय. अंक हाती पडतो दिवाळीत, पण लेख पावसाळ्यातच हवा असतो. अडीच हजार शब्दांचा लेख जुलैअखेर पाठवायचा तर उलटं मोजावं: टाइप करायला एक आठवडा, दुरुस्तीचे चार शनिवार, त्याआधी दोन आठवडे लेख नुसता पडून, आणि त्याआधी पहिल्या खर्ड्याच्या तेरा बैठकी, म्हणजे तीन आठवडे. मेची वीस-बावीस तारीख येते. लग्नसराई, चाळीस-बेचाळीसचं ऊन आणि घरात भाचरं. त्यामुळे एप्रिलअखेर सुरू केलेलं बरं. साहित्य संमेलनं मात्र मुदतीच्या हिशेबात धरू नयेत. इंदूरला ती १९१७, १९३५ आणि २००१ साली झाली. तिथून परतताना लिहावंसं फार वाटतं, आणि ते वाटणं पंधरा दिवस टिकतं.

मोठा खंड पडतोच. रंगपंचमीच्या गेरीनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, दोन दिवस रंग जात नाही आणि झोप पुरी होत नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघून पहाटे घरी आलेला माणूस सातला काय लिहिणार? हे एक-दोन दिवसांचे खाडे आपोआप भरून येतात. तीन आठवडे सुटले तर मात्र नुसतं परत बसून भागत नाही. रजिस्टर उघडलं तर 'कारण' तसंच लटकलेलं असतं, समासात वास, रस्ता, फोटो, आणि ते कुणा दुसऱ्याने लिहिल्यासारखे दिसतात. ते वाक्य पुरं करायला जाऊ नये. विरजण मेलंय.

घरातलं विरजण संपलं की शेजारून आणतात, आणि तेही दिवेलागणीच्या आत, कारण नंतर कुणी देत नाही. इथे शेजार म्हणजे आपलंच जुनं रजिस्टर. त्यातलं एक पान काढायचं, जे लिहिताना हात भरभर चालला होता असं अक्षरावरून दिसतं. पहिल्या दिवशी कचरागाडी गेल्यावर ते नव्या पानावर दहा मिनिटं उतरवून काढायचं. नवं काही नाही, एक शब्दही बदलायचा नाही. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे दहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी उतारा शेवटच्या वाक्यापर्यंत आणायचा आणि त्याचं क्रियापद न लिहिता उठायचं. चौथ्या दिवशी ते क्रियापद जुन्या वहीत बघायचं नाही.